उघड्या हातांचा खेळ
हॅनरटी बारा वर्षं धंदेवाईक बेसबॉल खेळला, तोही फलंदाजाच्या मागे बसून उघड्या हातांनी चेंडू झेलत. त्या काळी हातमोजा घालणाऱ्याला लोक हसायचे. पुढे ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजाने त्याला कोच म्हणून ठेवलं. यंदाचा शेवटचा सामना जिंकला नाही तर दुसरी नोकरी बघा, असं त्याला बजावलेलं होतं. सामना बरोबरीत असताना त्याचा झेलणारा खेळाडू एझ्रा उजवा हात पोटाशी धरून खाली बसला. चेंडू लागून एक बोट सुजून निळं पडलं होतं. "फडकं बांधा कोच, मी खेळतो," तो म्हणाला. "तुम्ही नाही का मोडक्या बोटांनी खेळलात? रोज तर ऐकवता आम्हाला." हॅनरटीने आपल्या कोटाचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावायला घेतलं. वेड्यावाकड्या बोटांतून ते तीनदा निसटलं. "हे रोज सकाळी माझी बायको लावून देते," तो म्हणाला. "हे मात्र तुम्हाला कधी ऐकवलं नाही. डॉक्टर व्हायचंय ना तुला? मग ऊठ." त्याने दुसऱ्याला मैदानात पाठवलं आणि कॉलेज दोन धावांनी हरलं. सगळे पांगल्यावर एझ्राचा हात बर्फाच्या बादलीत धरून तो बाकावर बसून राहिला. "तुमची नोकरी माझ्यामुळे गेली," एझ्रा पुटपुटला. "घरी काय सांगणार?" "सगळं सांगेन," हॅनरटी म्हणाला. "ती आधी तुझ्या बोटाचंच विचारेल."