उसना नेलेला राक्षस

तनुजा लेकीला आणायला वरच्या मजल्यावर गेली तेव्हा सायली कडुबाकाकांच्या पलंगावर मांडी घालून बसली होती. टीव्हीवर चंदेरी कपड्यांतला एक माणूस कमरेत वाकून बोलत होता.

"हा कोण गं?"

"परग्रहावरचा," सायली नजर न हलवता म्हणाली. "लई गोड बोलतो. त्याला आपला राक्षस पाहिजे."

कडुबाकाका हसले. उभी हयात त्यांनी थिएटरात मशीन चालवलं, आता जुन्या जपानी सिनेमांचा तेवढा नाद उरला होता. "राक्षस बिचारा साधा असतो, ताई. बिल्डिंगी पाडतो, पण तोंडावर. खरे बेरकी हे पाहुणे. आधी भेट आणतात. मग म्हणतात, तुमचा राक्षस उसना द्या. आपली माणसं खुशीनं सही देतात."

"मग?"

"मग काय. परत कोण देतं?"

एकटा म्हातारा, सहा वर्षांची पोर. तनुजानं सायलीचा हात धरला आणि जिना उतरली.

वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेल्या नवऱ्याला तिनं सांगितलं, "मला त्या म्हाताऱ्याचं काही खरं वाटत नाही."

"तू दोरीला पण साप म्हणशील," ऋतुराज म्हणाला. मग दहा महिन्यांच्या शिवमला मांडीवर घेत पुटपुटला, "दोघांमागं दमछाक होते तुझी."

शनिवारी सोयगावहून थोरले दीर शिवराजदादा आणि जाऊ सुलेखा आले. केळीचा घड, सायलीला पैंजण, वर नवी सायकल. लग्नाला चौदा वर्षं झाली, पदरी लेकरू नाही, पण सुलेखाचा आवाज कधी चढला नव्हता. तिनं सायलीची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली.

"पोरीच्या नावावर चार एकर करतो," शिवराजदादा म्हणाले. "आईबापाच्या सह्या लागतात, बस."

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या घरात लेकीच्या नावावर ढेकूळसुद्धा कुणी केलं नव्हतं. ऋतुराज फरशीकडं बघत होता.

"मम्मी, मोठे पप्पा त्या चंदेरी माणसासारखे बोलतात," सायली म्हणाली.

सगळे हसले. तनुजानं तिला हळूच चिमटा काढला. म्हाताऱ्याचं शिकवणं, दुसरं काय.

सोमवारी निबंधक कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. शिवम खांद्यावर रडत होता. शाळा सुटायला अर्धा तास उरला होता, आणि सकाळी कडुबाकाका म्हणाले होते, "उशीर झाला तर पोरीला मी आणतो." तनुजानं फोन कानाला लावला.

"मॅडम, सायलीला न्यायला कुणी म्हातारा आला तर देऊ नका. आईबापाशिवाय कुणाकडंच नाही. कागद बघा, मगच सोडा."

"इथं," ऋतुराज बोट ठेवत होता. "इथं. आन् इथं."

तिनं सह्या केल्या.

"राजीखुशीनं देताय ना, बाई?" टेबलामागच्या साहेबांनी विचारलं.

देणारे तर दादा. पण शिवमनं केस ओढले, मागून कुणी रेटलं. "हो, हो," ती म्हणाली.

गुरुवारी एक वाजता शाळेच्या फाटकातून सगळी पोरं बाहेर आली. सायली आली नाही.

"ती दहालाच गेली," मॅडम म्हणाल्या. "दाखला पण नेला."

तनुजानं विचारलं, "म्हातारा होता ना? कडुबा नावाचा?"

"नाही हो. तुम्हीच बजावलं होतं, म्हणून तर कागद बघितल्याशिवाय आम्ही सोडलं नाही." मॅडमनी फाईल उघडून पुढं सरकवली. "तुमचीच सही आहे की."

सही तिचीच होती. तिन्ही ठिकाणी, ठसठशीत. वर छापलं होतं, दत्तकपत्र. आणि आईच्या नावापुढं सुलेखा.