हजारांत ओळखेन

“तुमच्या घरचं कोणी बसलंय का आजच्या परीक्षेला?” साहेबांनी प्रत्येक टेबलापाशी थांबून विचारलं.

“कोणी नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

खोटं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. लेक बसली होती, घरी, स्वतःच्या खोलीत. गेल्या वर्षी तिचा प्रवेश थोडक्यात हुकला होता आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच खेप होती. घरच्या माणसावर देखरेख करायला कंपनीत मनाई होती. पक्षपात होतो म्हणे. पक्षपात कसला डोंबलाचा! उमेदवाराचं नाव दिसत नव्हतं, चेहरा दिसत नव्हता. सगळं झाकून कंपनीने फक्त डोळ्यांची पट्टी उघडी ठेवली होती.

बाई ऑनलाइन परीक्षांच्या पर्यवेक्षक. समोरच्या पडद्यावर डोळ्यांच्या जोड्या, एकाखाली एक, दिवसभर. कुणाची नजर सारखी पडद्यावरून हटू लागली की त्या पट्टीला पिवळी कड यायची. मग बाईंनी ठरवायचं, सोडायचं की पेपर रद्द करायचा. बाई सहसा सोडत नसत.

उमेदवार या जातीचीच त्यांना किळस आली होती. हा डोळे चोळतोय, म्हणजे रात्रभर मोबाइल बघत लोळला असणार. ही छताकडे बघतेय, तिथे काय हिच्या मामाने उत्तरं लिहून ठेवलीत? सगळे एकजात चोर, आणि चोरीचीही अक्कल नाही.

या कामाने बाईंच्या डोक्याचा मात्र पार भुसा झाला होता. अंथरुणाला पाठ टेकली की मिटल्या पापण्यांमागे डोळेच डोळे. दुकानदाराशी बोलताना त्या त्याची बुबुळं कुठे वळतात ते बघत बसत आणि काय घ्यायला आलो तेच विसरत. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्याने तपासलं आणि सांगितलं, मधून मधून पडद्यावरची नजर काढा, खिडकीतून लांबचं काहीतरी बघा.

“एवढं सांगायला हा इतकी वर्षं शिकला?” बाई दवाखान्याच्या दारातच म्हणाल्या. फी दिली होती म्हणून घरी करून पाहिलं, लेकीलाही करायला लावलं. दोघींची डोकेदुखी उतरली. तरी डॉक्टर मूर्ख तो मूर्खच, कारण ऑफिसात खिडकीच नव्हती.

पेपर सुरू झाला.

“मला आता सगळ्यांचे डोळे सारखेच दिसायला लागलेत हो,” शेजारच्या टेबलावरची म्हणाली. ती नवीन होती आणि बाईंच्या मते बिनकामाची.

“तुला दिसणारच. मी आपलं माणूस हजारांत ओळखेन.”

आणि थोड्या वेळाने त्यांनी खरंच ओळखलं. लांब पापण्या, वाचताना भुवया जवळ आणायची तीच तऱ्हा. लेक! बाईंचा ऊर भरून आला. त्या पट्टीला पिवळी कड आली तेव्हा त्यांनी साहेब कुठे आहेत ते बघितलं आणि हळूच ‘सोडा’ दाबलं. पुन्हा कड आली. पुन्हा सोडलं.

“ते डोळे खाली फार बघतायत,” शेजारची वाकून म्हणाली.

“मांडीवर पाण्याची बाटली असेल. तहान लागते माणसाला. तू तुझं बघ.”

त्या पट्टीच्या खालची पट्टी मात्र बाईंना मघापासून खुपत होती. थकलेले, जरा लालसर डोळे. थोडा वेळ वाचत, मग सावकाश वर उठत, एका बाजूला लांब कुठेतरी टेकत आणि परत येत. ना घाई, ना भीती. पुन्हा तेच.

“हा मुरलेला चोर,” बाईंनी नवीला धडा दिला. “बाजूला कुणीतरी कागद धरून उभं आहे. पान बदललं की हा बघतो. कसा आरामात बघतोय बघ, बापाचंच घर!”

“निरोप पाठवून विचारू या का एकदा? कदाचित नुसतं...”

“चोराला विचारायचं? वा!”

त्यांनी ‘रद्द’ दाबलं. कारणाच्या चौकटीत कंपनीचं तयार वाक्य होतं. ते पुसून बाईंनी खास चोरांसाठी राखून ठेवलेलं आपलं वाक्य टाकलं: आता आईला सांगा, काय दिवे लावलेत ते. ते डोळे एकदम मोठे झाले, पडद्याच्या अगदी जवळ आले, आणि पट्टी काळी पडली. हा क्षण बाईंना फार आवडायचा. डोक्याचा शीण जरा उतरल्यासारखा वाटायचा.

वरच्या पट्टीतल्या डोळ्यांनी पेपर शेवटपर्यंत सोडवला. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि येताना केक घेतला, लेकीच्या आवडीचा, चॉकलेटचा.

घरात दिवा लावलेला नव्हता. लेक लॅपटॉपसमोर तशीच बसली होती.

“अगं, अंधारात काय बसलीस? चांगला गेला ना पेपर? मला माहीतच होतं.”

“मध्येच रद्द केला,” लेक म्हणाली. “डोकं दुखायला लागलं की तू सांगितलंस तसं खिडकीतून लांब बघत होते, बाकी काही नाही.”

बाईंच्या हातात केकचा खोका तसाच राहिला. “रद्द? तुझा? शक्यच नाही. कोण आंधळा बसला होता तिथे? मी त्याची नोकरी घालवते, बघच तू!”

“कोण होतं ते कळत नाही. नुसतं एक वाक्य आलं.” लेकीने नाक पुसलं. “आता आईला सांगा, काय दिवे लावलेत ते. पण मी काय सांगू गं तुला?”