पाऊणकी

गुप्तेबाईंनी मालूची वही वर्गासमोर उघडून धरली. बाकी सगळ्या वह्यांत एकच ओळ होती: खाडीचं पाणी निर्मळ, निळा लिटमस निळाच राहिला. मालूने लिहिलं होतं: पाणी तांबूस, वास उग्र, निळा लिटमस लाल. खाली लाल झालेला कागदाचा तुकडा डिंकाने चिकटवला होता.

नववीला यंदापासून पर्यावरणाचा तास सुरू झाला होता. शनिवारचा शेवटचा. पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर या विषयाचा नियम लिहिला होता: जे दिसेल तेच लिहायचं. पुस्तकात बघून नाही, शेजारच्याचं बघून नाही. गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या अख्खा वर्ग घेऊन कोलशेतच्या बंदरावर गेल्या होत्या. मालूही होती. मग तिला वेगळं कसं दिसलं, असं त्यांनी विचारलं.

मालूने सांगितलं की वर्ग गेला तेव्हा भरती होती. रविवारी सकाळी ओहोटीला ती पुन्हा गेली. ओहोटीला काठावरच्या कंपनीच्या नाल्याचं पाणी एकटंच वाहतं.

वर्गाने जे पाहिलं तेच वहीत हवं, बाई म्हणाल्या. पान बदलून आणायला सांगितलं.

"बाई, भरतीचं पाणी वसईच्या समुद्राचं. तेच तपासायचं तर वसईला जाऊ या. सहल तरी होईल."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मालूला थांबवून घेतलं. शाळेला प्रयोगशाळा नव्हती. कंपनी ती बांधून देणार होती. त्याआधी कंपनीचे टिपणीस साहेब बंदरावर येणार, मुलं त्यांच्यासमोर पाणी तपासणार, वर्तमानपत्रात फोटो येणार. वह्या तिथे मांडायच्या होत्या. पान बदललं नाही तर सही नाही, आणि सहीशिवाय विषयात पास नाही. शिवाय तुझे वडील तिथेच कामाला आहेत ना, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या. धमकी द्यायचा त्यांचा हेतू नव्हता. म्हणूनच मालूला ते जास्त लागलं.

मालूचा बाप दामाजी कंपनीच्या नाल्यावर होता. पाच वर्षांपूर्वी जाळ्यात मासळी यायची थांबली. त्याने होडी पालथी घातली आणि खाकी सदरा चढवला. नाल्याची झडप वरखाली करणं हे त्याचं काम. दुसरं एक काम कुठे लिहिलेलं नव्हतं. बाहेरचं कोणी पाणी बघायला येणार असलं की साहेब त्याला बोलावून भरतीची वेळ विचारत आणि पाहुण्यांना तीच वेळ देत. दामाजी तिथीची पाऊणपट करी. पंचमीला पावणेचार, खाडी आत म्हणून वर एक तास, म्हणजे पावणेपाच. छापील तक्ता चुके, दामाजी चुकत नसे. मालूला त्याने शाळेत घालायच्या आधी पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, पाठ करायला लावली होती. चुकली की ताटावरून उठवायचा.

त्या संध्याकाळी तिने त्याला सगळं सांगितलं. पान बदलणार नाही, हेही सांगितलं. मग म्हणाली, या वेळी साहेबांना भरती सांगू नको.

"इचारलं तर सांगावं लागतं, पोरी. नोकरी हाय."

मालू दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मंगळवारी बाईंनी दिवस सांगितला. पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, दुपारी बारा. ऐन भरतीची वेळ आहे, असा कंपनीचा निरोप होता. मालूने बाकाखाली बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. मग उभी राहून तिने सांगितलं की त्या दिवशी पाणी ती तपासेल, आणि जे दिसेल ते नव्या पानावर लिहील. आली वठणीवर, असं मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि तिचं नाव यादीत पहिलं घातलं.

शुक्रवारी बंदरावर टेबल मांडलं. टिपणीस साहेब मोटारीतून उतरले. मागोमाग फोटोग्राफर. साहेब धक्क्याच्या टोकापर्यंत गेले आणि थांबले.

खाडीत पाणी नव्हतं. पुनव होऊन सात दिवस झाले होते; सप्तमीची भरती सव्वासहाची, बाराला ऐन ओहोटी. दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडला होता. त्यावर एकही खेकडा फिरत नव्हता. नाल्याची झडप पूर्ण वर होती, आणि मधोमध एक तांबडी धार वाहत होती.

मालू बाटली घेऊन गुडघाभर चिखलात उतरली. बाटली भरून तिने टेबलावर आणून ठेवली आणि लिटमस बुडवला. निळा कागद लाल व्हायला वेळ लागला नाही. फोटोग्राफरने सवयीने बटण दाबलं. साहेबांचा हात आडवा आला तो त्यानंतर.

मालूने वहीचं नवं पान उघडून लिहिलं. गुप्तेबाईंनी वाचलं. जुन्या पानापेक्षा एक शब्द वेगळा नव्हता.  पेन काढून त्यांनी दोन्ही पानांखाली सही केली.

टिपणीस साहेब नाल्याकडे वळले. दामाजी झडपेपाशी ताठ उभा होता.

"दामाजी, बाराला भरती आहे म्हणाला होतास."

दामाजीने एकदा पोरीकडे बघितलं. मग डोक्यावरची कंपनीची टोपी काढून साहेबांच्या हातात दिली.

"चुकलं, सायेब. पाऊणकीत मी पयल्यापासून कच्चा."