आईचे फिन्स

मायलेकींनी स्कूबा डायव्हिंगच्या वर्गाला एकदमच नाव घातलं होतं आणि आज दोघी पोहताना पायात घालायचे फिन्स घ्यायला आल्या होत्या. लेकीने लांब, कडक पात्यांची जोडी उचलली. आईने दुकानातली सगळ्यांत आखूड आणि मऊ जोडी पायात चढवून पाहिली.

“ताई, हिने कितीही पाय मारलेत तरी वेग नाही यायचा,” दुकानदार म्हणाला.

“असू दे. पायाला बरी वाटतेय.”

“अगं आई, कासवसुद्धा तुला मागे टाकेल,” म्हणत लेक मास्क बघायला पलीकडे गेली.

ती लांब गेल्यावर आईने हळूच विचारलं, “पाण्याखाली जोडीदाराला सोडून पुढे जायचं नसतं ना? जो हळू, त्याच्याच वेगाने दोघांनी जायचं?”

“हो, नियमच आहे तो.”

“मग हीच बांधून द्या.”