चुरा न सांडणारा माणूस

लोवेल हॅस्किन्सने कॉफीचा डबा गाडीच्या सीटखाली सरकवला, झाकण दाबून पाहिलं आणि तिसऱ्यांदा तंबूच्या खुंट्या मोजल्या. आठ होत्या. पहिल्यांदाही आठच होत्या.

समुद्रावरून आलेलं धुकं रेडवुडच्या उंच झाडांच्या शेंड्यांत अडकून थेंबाथेंबाने खाली गळत होतं. सकाळचे सात वाजले होते.

"काय हो, एकोणीस नंबर! पळ काढताय की काय?"

तो दचकला. बर्नाडीन होती. कॅम्पची देखरेख करणारी म्हातारी. उन्हाळाभर ती फाटकाजवळच्या ट्रेलरमध्ये राहायची आणि प्रत्येकाला त्याच्या तंबूच्या जागेच्या आकड्यानेच हाक मारायची.

"पळ कसला? घरी मांजर आहे."

"जागा तर परवापर्यंतची आहे तुमची."

"मांजरीला तारीख कळत नाही."

बर्नाडीन हसली. मग वाकून तिने टेबलाच्या फटी तपासल्या, बाकाखाली पाहिलं.

"एक कण नाही! त्या बावीस नंबरवाल्यांना तुमच्याकडे शिकवणीला पाठवते. काल त्यांनी जमिनीला पॅनकेक खायला घातले. चुरा दिसला की हे शेंडीवाले पक्षी येतात, आणि शेंडीवाले आले की मरलेटचं अंडं गेलंच म्हणून समजा."

नाव निघायला आणि एक शेंडीवाला यायला गाठ पडली. कावळ्याचा तो निळा भाऊबंद टेबलाच्या टोकाला बसला, मान वाकवून दोनदा ओकला आणि धडपडत नेच्यांत शिरला.

"शाबास!" बर्नाडीन म्हणाली.

लोवेलला नवल वाटलं नाही. या पक्ष्यांवर तिचा राग होता, हे सगळ्या कॅम्पला ठाऊक होतं.

मरलेटबद्दल मात्र तिच्याहून त्यालाच जास्त ठाऊक होतं. जन्मभर समुद्रावर राहणारा हा छोटा पक्षी अंडं घालायला जंगलात येतो. एकच अंडं, जुन्या रेडवुडच्या शेवाळलेल्या फांदीवर, दहा-बारा मजले उंच. लोवेलच्या घरी जमवलेल्या अंड्यांचं कपाट होतं, त्यात मरलेटचा कप्पा एकतीस वर्षं रिकामा होता. कप्प्यावर लावायची नावाची चिठ्ठी लिहून तयार होती.

आणि काल संध्याकाळी ते दिसलं. गाडीच्या टपावर उभं राहिल्यावर हात पोचेल इतक्या खालच्या फांदीवर. फिकट निळसर हिरवं, तपकिरी ठिपक्यांचं. पकडला गेला असता तर तुरुंग होता, आणि सगळं कपाट जप्त झालं असतं. त्याने दोनदा इकडेतिकडे पाहिलं आणि ते उचललं.

उजाडताच तंबूत बसून त्याने ते रिकामं केलं. बुडाशी एक मेणचट ठिपका होता, तिथे सुई अलगद शिरली. काचेची नळी घरी राहिली होती म्हणून ज्यूसच्या स्ट्रॉने ओढावं लागलं. दोनदा तोंडात आलं. कडवट लागलं. आत पिल्लू धरलेलं नव्हतं, नुसता पिवळा बलक. तेवढंच मनाला बरं वाटलं होतं. मग कवच कापसात गुंडाळून त्याने कॉफीच्या डब्यात ठेवलं.

आता तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. तो आवंढे गिळत होता. एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम आला होता.

"अंड्यांचा रिकामा ट्रे टाकू नका हं," बर्नाडीन म्हणाली. "मला द्या. आणि मला फाटकापर्यंत सोडा. आज गुडघे ऐकत नाहीत."

नाही म्हणायला कारण सुचेना. ती शेजारी बसली. ट्रे मांडीवर घेतला. कॉफीचा डबा तिच्या बुटापासून वीतभर अंतरावर होता.

"सावकाश चालवा. आज फाटकावर रेंजर गाड्या उघडून बघतोय. लाकूडचोर झाडांच्या गाठी कापून विकायला नेतात ना मेले."

"डिकीसुद्धा?"

"डिकी, सीटखाली, सगळं. तुम्हाला कसली भीती? तुम्ही तर चुराही सांडत नाही."

लोवेलने काच खाली केली. एकतीस वर्षांत त्याने शेकडो घरटी रिकामी केली होती, पण हात असे कधी थरथरले नव्हते. म्हातारपण आलं, दुसरं काय. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "नखं छान रंगवलीत."

तिने बोटं पसरून पाहिली. नखांच्या कडांना फिकट हिरवट रंग चिकटला होता. "नखं कसली रंगवते या वयात! हिवाळाभर रंगकाम चालतं माझं. ही छटा जमायला तीन वर्षं गेली. हौस, आणखी काय."

फाटक दिसलं. अलीकडे तिचा ट्रेलर, त्याला टेकवलेली लांब शिडी. पलीकडे रेंजर एका गाडीची डिकी लावत होता. त्याने लोवेलला पुढे या म्हणून हात केला.

लोवेलच्या डोळ्यांसमोर पांढरं झालं. त्याने कचकन ब्रेक दाबला, दार ढकललं आणि बाहेर वाकून भडाभडा ओकला. एकदा, दोनदा, तीनदा. संपेना. रेंजर हातातलं सोडून इकडे चालत येऊ लागला.

बर्नाडीन शांतपणे उतरली, वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि पाण्याची बाटली पुढे धरली. रस्त्यावर पडलेल्याकडे तिने नीट निरखून पाहिलं. मघाशी त्या शेंडीवाल्याकडे पाहिलं होतं तसंच.

"घाबरू नका, मरत नाही कोणी," ती म्हणाली. "अंड्यात औषध थेंबभरच घालतो आम्ही. एकदा असा ओकला की शेंडीवाला जन्मात पुन्हा त्या अंड्याला चोच लावत नाही."

मग ती सीटखालच्या डब्यासाठी वाकली.

"कोंबडीचं अंडं हो ते, एकोणीस नंबर. रंग तेवढा माझा."