निरंक

शाळेच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. मतदानाची रांग पुढं सरकली तसा तो अनसूयाच्या डोळ्यांसमोर आला. ग्रामपंचायतीच्या उमेदवारांनी शपथेवर दिलेली माहिती होती ती. आबासाहेबांच्या नावापुढं लिहिलं होतं : चालू खटले निरंक. म्हणजे एकही नाही.

टाकीवरच्या पाणीवाल्याचा हात आबासाहेबांनी मोडला, तो तिच्या डोळ्यांदेखत. त्याच खटल्यात साक्षीला येण्याचं समन्स घरी पत्र्याच्या पेटीत होतं.

आणि आज सकाळीच आबासाहेबांची माणसं दारात आली होती. त्यांनी तिच्या पोरीच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावला. "पोरीची शपथ घ्या वहिनी, मत आबांनाच." तिनं घेतली. मोडली तर पोरीला भोवेल, हे कुणी सांगायला लागत नव्हतं.

मागून जाऊबाई कुजबुजल्या, "काय वाचत बसलीस? भंडारा उचललाय आपण. देव बघतोय."

"त्यांनीबी शपथेवरच लिहिलंय, जाऊबाई," अनसूया कशीबशी म्हणाली.

यंत्रापाशी तिनं आबासाहेबांचं सोडून खालच्या उमेदवाराचं बटण दाबलं आणि तडक घर गाठलं.

पोरगी अंगणात चिंचोके खेळत होती. अनसूयानं तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, मग ओल्या पदरानं तिचं पिवळं कपाळ खसाखसा पुसायला लागली.

"आई, दुखतंय गं," पोर म्हणाली, आणि अनसूयाचा हात तिथंच थिजला.