दोन हिसके

मनाच्या दवाखान्यातून सफाई कामगारांच्या या वस्तीत आजवर कुणी फिरकलं नव्हतं. शेवंताताई आल्या त्या थेट गटाराच्या उघड्या तोंडापाशी, सुदामशेजारी मांडी घालून बसल्या. तो रोज आत दोरी सोडून बसायचा.

"खालच्यानं दोन हिसके दिले की वर ओढायचं, ताई. त्या दिवशी भावानं दिले, तेव्हा मी तंबाखू मळत होतो. तो आतच गुदमरला. अजून हिसके येतात. एकट्यानं ओढायचा धीर होत नाही."

"मग दोघं मिळून ओढू." त्याचं मन राखायला ताईंनी दोरी हातात घेतली. दोरी सैलच होती. याला आता हळूच घरी न्यावं, असं त्यांच्या मनात आलं, तोच तळहाताला दोन हिसके बसले.

सुदामला त्यांचा चेहरा बघूनच कळलं.

"ओढा की, ताई. या वेळी उशीर नको."